रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर: जुनी आवृत्ती ठेवावी की नवीन घ्यावी?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, आज स्वतःच्या अडचणीसाठी धागा काढतेय.

२०२० च्या शेवटी मी वडिलांची चौदा गाणी घरीच रेकॉर्ड केली. चाली त्यांच्या, आवाज त्यांचा. ऑडॅसिटी वापरलं होतं, आवृत्ती २.४.२. प्रत्येक गाण्यात चार ट्रॅक आहेत: त्यांचा आवाज, त्यांची गिटार, मी नंतर घातलेली दुसरी गिटार आणि कोरसची एक ओळ. मिक्सिंग, म्हणजे चारही ट्रॅक तोलून एकत्र करणं, पुढे निवांत करू म्हणत राहून गेलं. आता वडील नाहीत, आणि ती गाणी पूर्ण करायची माझी फार इच्छा आहे.

जुना लॅपटॉप थकलाय, म्हणून नवीन घेतला. आता त्यावर काय टाकू? २.४.२ च ठेवू की सध्याची ३ वाली आवृत्ती घेऊ? एका मैत्रिणीचं म्हणणं, नवीनमध्ये एकदा उघडलंस की जुन्याकडे परतीचा रस्ता नाही. दुसरी म्हणते, इतक्या जुन्या आवृत्तीला कवटाळून बसण्यात काय अर्थ आहे. तिसऱ्याचा सल्ला, मिक्सिंगच करायचंय तर ऑडॅसिटी सोड आणि रीपर किंवा क्युबेस घे.

मूळ रेकॉर्डिंगला धक्का लागता कामा नये, ही एकच गोष्ट मला पक्की माहीत आहे. बाकी सगळं तुमच्यावर सोडते.

ठेका

मी तरी सरळ नवीन घ्या म्हणेन.

२.४.२ मध्ये इफेक्ट लावला की तो ध्वनीतच मिसळतो. रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) लावला, सेव्ह केलं, बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी तो जास्त वाटला तर काढता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑडॅसिटी ३.२ आलं, तेव्हापासून इफेक्ट गाणं वाजत असतानाच लावता, बदलता आणि बंद करता येतात. त्याआधी ३.१ मध्ये क्लिपच्या, म्हणजे ट्रॅकमधल्या आवाजाच्या तुकड्याच्या, कडा ओढून कापायची सोय आली. कापलेला भाग नाहीसा होत नाही, कड परत ओढली की परत येतो. मिक्सिंग करणाऱ्याला या दोनच गोष्टी पुरेशा आहेत.

नव्याकडे जायचं म्हटलं की आपण काय हातचं जाईल तेवढंच बघतो. मी प्रो टूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायचो तेव्हा गाणं बाहेर काढायचं म्हणजे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावंच लागायचं. पाच मिनिटांचं गाणं, पाच मिनिटं हाताची घडी घालून बसा. शेवटच्या कडव्यात चूक दिसली की ती सुधारून पुन्हा पाच मिनिटं. २०१३ मध्ये ११ वी आवृत्ती आली आणि हेच काम काही सेकंदांवर आलं. त्या एका सोयीमुळे मी चुका सुधारायला कंटाळेनासा झालो, आणि माझे मिक्स खरोखर सुधारले.

ध्वनिखोली

ठेका यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ताई, तुम्ही अजून काहीही उघडू नका. आधी हे वाचा.

ऑडॅसिटी २ आणि ३ यांतला खरा फरक गाणं साठवण्याच्या पद्धतीत आहे. तुमच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये दोन गोष्टी असतील. एक छोटी एयूपी फाइल, आणि तिच्याच नावाचा, शेवटी 'डेटा' लिहिलेला फोल्डर. एयूपी फाइलमध्ये आवाज अजिबात नसतो. कुठला तुकडा कुठे लागतो, याची ती नुसती यादी असते. सगळा आवाज फोल्डरमध्ये, एयू नावाच्या शेकडो लहान फाइलींत कापून ठेवलेला असतो. एक तुकडा जास्तीत जास्त साधारण एक एमबीचा, म्हणजे ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तितके नमुने) सहा सेकंदांच्या आसपासचा. तुमच्या वडिलांचं एकेक गाणं आत्ता तुमच्याकडे असं सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत आहे. यादी हरवली तर तुकडे जुळवणं महाकठीण. फोल्डर हरवला तर त्या यादीचा काडीचा उपयोग नाही.

मार्च २०२१ मध्ये ३.० आलं आणि हे सगळं एका एयूपी३ फाइलमध्ये गेलं. ती फाइल म्हणजे आतून एक डेटाबेस असतो. एकच फाइल सांभाळायची, त्यामुळे तुकडे हरवायची भानगड मिटली. हा बदल चांगलाच झाला. नवीन ऑडॅसिटी जुनी एयूपी उघडते, तिची नवीन एयूपी३ बनवते आणि जुनी फाइल व फोल्डर आहे तिथेच, आहे तसे राहतात. त्यामुळे मूळ प्रत आपोआप बिघडेल ही भीती नको. मैत्रिणीचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं की एयूपी३ मध्ये केलेलं काम २.४.२ ला उघडता येत नाही.

तरीही २.४.२ काढून टाकू नका. जुन्या प्रोजेक्टमध्ये काय आहे नि काय गहाळ आहे हे त्याच आवृत्तीला सगळ्यात चांगलं कळतं. एखादा तुकडा सापडला नाही तर ती इशारा देते आणि तीन पर्याय पुढे ठेवते: गहाळ जागा फक्त या वेळेपुरती शांत धरायची, तिथे कायमची शांतता भरायची, किंवा काहीही न बदलता प्रोजेक्ट बंद करायचा. यातल्या दुसऱ्या पर्यायाला चुकूनही हात लावू नका.

दोन्ही आवृत्त्या एकाच लॅपटॉपवर राहू शकतात. फक्त त्या सेटिंग्ज एकाच जागी ठेवतात, म्हणून जुनीच्या फोल्डरमध्ये 'पोर्टेबल सेटिंग्ज' याच नावाचा, अर्थात इंग्रजीत लिहिलेला, एक रिकामा फोल्डर करा. मग ती आपल्या सेटिंग्ज तिथेच ठेवते आणि नवीनमध्ये लुडबुड करत नाही.

अनुनाद

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी एका दुसऱ्या सॉफ्टवेअरची दहा वर्षं जुनी आवृत्ती अजून वापरतो, कारण तिचा आवाज मला भरीव वाटतो. नवीन आवृत्तीत तेच प्रोजेक्ट उघडलं तर गाणं पातळ वाटतं, मधला आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. मी हे अनेकदा ऐकलंय, मनाचे खेळ नाहीत. मंद्रसप्तक, वडिलांच्या आवाजाचा प्रश्न आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. सोय नंतर बघा, आधी कान काय म्हणतात ते ऐका.

सहा_तारा

ध्वनिखोली, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. माझ्या एका मित्राने एका स्पर्धेसाठी फक्त एयूपी फाइल ईमेलने पाठवली होती. फोल्डर राहिला. नंतर त्याने जागा हवी म्हणून तो फोल्डर उडवला, कारण गाणं तर पाठवलंय ना! ते गाणं परत कधीच मिळालं नाही.

ध्वनिखोली

अनुनाद, तुम्ही ऐकलं ते खोटं असं मी म्हणणार नाही. पण फरक कुठून येतो ते शोधता येतं, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते.

जुन्या आणि नवीन आवृत्तीतून तेच गाणं ३२-बिट फ्लोट वेव्ह म्हणून काढा. १६-बिट काढू नका. १६-बिट करताना बहुतेक सॉफ्टवेअर डिदर म्हणून बारीकशी खरखर मिसळतं, ती दर वेळी वेगळी असते आणि निकाल गढूळ होतो. दोन्ही फाइली एकाखाली एक लावा, सुरुवात सॅम्पलपर्यंत जुळवा आणि एकीची फेज उलटी करा, म्हणजे तिची लाट वरची खाली होते. मग दोन्ही एकदम वाजवा. जे दोन्हींत सारखं आहे ते एकमेकांना मारतं. काहीच ऐकू आलं नाही तर दोन्ही आवृत्त्यांनी आकडेही तेच दिलेत असं समजा. काही उरलं, तर जे उरलं तोच तुमचा फरक, आणि तो एकटा ऐकायला मिळतो.

नुसते ट्रॅक मिळवायचे ही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बेरीज आहे. बेरीज ३२-बिट फ्लोटमध्ये केली काय आणि ६४-बिट फ्लोटमध्ये केली काय, कानाला कळेल असा फरक तिथे पडत नाही. फरक पडतो तो इतर ठिकाणी. पॅनचा, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे ठेवण्याचा, नियम सगळ्यात आधी तपासा. मोनो ट्रॅक मध्यावर असताना त्याची पातळी किती उतरवायची हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. कुणी ३ डेसिबल, कुणी ४.५, कुणी ६, कुणी काहीच नाही. हे सेटिंग बदललं की मध्यावरचा आवाज तेवढा मागे जातो आणि कडेचे ट्रॅक आहेत तिथेच राहतात. तुम्ही वर्णन केलंय ते मला अगदी असंच वाटतंय.

ठेका

+१. शिवाय मोठ्याने वाजणारं नेहमी भरीव वाटतं. अर्ध्या डेसिबलचा फरकही कानाला "पातळी" म्हणून कळत नाही, "दर्जा" म्हणून कळतो.

कोमल_निषाद

मी गायक आहे, तांत्रिक माणूस नाही, पण एक बाजू राहिली. मिक्सिंगला आवृत्ती कुठलीही चालेल, गाताना मात्र साउंड कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर बघावा लागतो.

माझं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, जुनं आहे, आवाज सुरेख घेतं. संगणकाची सिस्टिम नवीन केली तेव्हा कळलं की बनवणाऱ्यांनी त्याचा नवीन ड्रायव्हर काढलेलाच नाही. सिस्टिमच्या साध्या ड्रायव्हरवर ते चालतं, पण बफर (संगणक एका वेळी जमवून पुढे देतो तितके नमुने) १०२४ च्या खाली नेला की तडतड सुरू होते. १०२४ सॅम्पल म्हणजे ४४,१०० ला २३ मिलिसेकंद, तेही फक्त एका बाजूचे. माइकमधून आत जाणं आणि हेडफोनमधून परत येणं धरलं की माझाच आवाज मला माझ्या मागून यायचा. तान घेताना मी नकळत थांबून वाट बघायला लागले. जुन्या संगणकावर त्याच कार्डाचा बफर १२८ ला चालतो, म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद, आणि तिथे मला माझा आवाज तोंडातून निघाला तसा ऐकू येतो.

म्हणून मी जुना संगणक जुन्या सिस्टिमसकट आणि जुन्या सॉफ्टवेअरसकट फक्त रेकॉर्डिंगला ठेवलाय. त्याला इंटरनेट जोडत नाही. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत सुरक्षा अपडेट मिळणं थांबलंय, विंडोज ७ चे तर २०२० च्या जानेवारीतच थांबले. अशा मशीनवर ईमेल वगैरे बघणं मला धोक्याचं वाटतं. गाऊन झालं की वेव्ह फाइली डिस्कवर घेते आणि पुढचं सगळं नवीन मशीनवर करते.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. ध्वनिखोली, तुम्ही सांगितलंत म्हणून थांबले होते, आणि थांबले हे फार बरं झालं.

मी गाणी जुन्या लॅपटॉपवरून बाहेरच्या डिस्कवर आधीच घेतली होती. तुमचा प्रतिसाद वाचून फोल्डरमधल्या फाइली मोजल्या. सहाव्या गाण्याच्या मूळ फोल्डरमध्ये २५१ फाइली, डिस्कवर २४९. दोन कमी! डिस्कवरची प्रत २.४.२ मध्ये उघडली आणि अगदी तुम्ही म्हणालात तो इशारा आला. "फक्त या वेळेपुरती" निवडलं. वडिलांच्या ट्रॅकवर, दुसऱ्या कडव्यात, लाटा चालू असताना मधेच सरळ रेष. बारा सेकंद. तिथे ते एक हरकत घेतात, ती मला तोंडपाठ आहे. काही सेव्ह न करता बंद केलं.

जुना लॅपटॉप अजून सुरू होतोय. तो फोल्डर परत घेतला, आता दोन्हीकडे २५१. बाकीची तेरा गाणी मोजली, ती बरोबर आहेत. पण हात थरथरत होते हे खरं.

आता पुढे काय करू?

ध्वनिखोली

आधी एक काम करा. त्या प्रतीची अजून एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि नंतरच पुढचं वाचा.

आता प्रत्येक गाणं २.४.२ मध्ये उघडून चारही ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइलींत काढा. त्यात 'एक्सपोर्ट मल्टिपल' आहे, त्याने चारही एकदम निघतात. ३२-बिट फ्लोट ठेवा. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे, कोरसची ओळ दोन मिनिटांनी येत असली तरीही. आधीची शांतता राहू द्या. मग उद्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चारही फाइली शून्यावर टाकल्या की गाणं जुळून येतं, कुणाला काही विचारावं लागत नाही. ट्रॅकच्या डाव्या बाजूचे गेन (पातळी) आणि पॅनचे स्लायडर एक्सपोर्टमध्ये उतरतात, तेव्हा ते मध्यावर आणून काढा. आधी कुठे होते ते कागदावर लिहून ठेवा.

मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेदहा एमबी लागतात. चौदा गाणी, चार ट्रॅक, सहा मिनिटं धरली तरी साडेतीन जीबीच्या आसपास. इतकी छोटी गोष्ट आहे.

मी याबाबत इतका आग्रही का, ते सांगतो. एका अल्बमची दहा गाणी माझ्याकडे होती, सात मिक्स झाली होती. मधेच मी संगणकाची सिस्टिम अपडेट केली. आठवं गाणं उघडलं तर रिव्हर्बच्या जागी नुसतं नाव, राखाडी अक्षरांत. तो प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडलेला इफेक्ट, ३२-बिट होता आणि नवीन सिस्टिम तो चालवेना. बनवणारी कंपनी तोवर बंद झाली होती. जुन्या मशीनवर परत टाकायला गेलो तर ऍक्टिव्हेशनचा सर्व्हरही बंद. सातही गाण्यांत गायिकेचा आवाज त्याच रिव्हर्बवर उभा होता. एका गाण्याचा रिव्हर्ब मी सहज म्हणून वेगळ्या ट्रॅकवर ध्वनी म्हणून उतरवून ठेवला होता, तेवढाच हाताशी राहिला. तो ऐकत ऐकत नवीन प्लगइनमध्ये तशी खोली जुळवायला तीन रात्री लागल्या, आणि ती तंतोतंत जुळली असं मी आजही म्हणणार नाही. तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक दोनदा काढतो, एकदा कोरडा आणि एकदा इफेक्टसकट.

सहा_तारा

३२-बिटचं हे प्रकरण नेमकं काय आहे? ऑडिओ पण ३२-बिट आणि सॉफ्टवेअर पण ३२-बिट, माझा यात कायम गोंधळ होतो.

ध्वनिखोली

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, नावापुरतं साम्य. ऑडिओचे बिट म्हणजे आवाजाचा प्रत्येक नमुना किती बारकाईने लिहिला ते. सॉफ्टवेअरचे बिट म्हणजे त्याला मेमरीतल्या किती जागांचे पत्ते लिहिता येतात ते. ३२-बिट सॉफ्टवेअरला ४ जीबीच्या पलीकडचा पत्ताच लिहिता येत नाही. पियानोच्या किंवा व्हायोलिनच्या सॅम्पलची एकेक लायब्ररी काही जीबींची व्हायला लागली आणि ती जागा अपुरी पडली, म्हणून सगळे ६४-बिटकडे सरकले. पण ६४-बिट सॉफ्टवेअरच्या पोटात ३२-बिट प्लगइन थेट बसत नाही, मधे पूल लागतो. तिथे जुन्या-नव्याची ताटातूट झाली. प्रो टूल्स १० हे शेवटचं ३२-बिट. त्यात जुने प्लगइनही चालायचे आणि नवीन एएएक्स प्रकारचेही, म्हणून कितीतरी स्टुडिओंनी १० आणि ११ एकाच मशीनवर शेजारी-शेजारी ठेवले होते. क्युबेसने २०१६ च्या अखेरीस ९ व्या आवृत्तीपासून ३२-बिट प्लगइन बंद केले. ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनापासून ३२-बिट प्रोग्रामच चालवायचे थांबवले.

व्हीएसटी२ आणि व्हीएसटी३ या प्लगइनच्या प्रकारांचंही असंच काहीसं. प्लगइन तोच, कंपनी तीच, तरी जुनं प्रोजेक्ट व्हीएसटी२ वाली प्रत शोधत असतं. व्हीएसटी३ समोर असली तरी प्रत्येक वेळी ती आपोआप स्वीकारली जात नाही. व्हीएसटी काढणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने २०१८ मध्ये व्हीएसटी२ ची निर्मात्यांसाठीची सामग्री देणं थांबवलंय, तेव्हा जुनी प्रोजेक्ट्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी यादी करून ठेवलेली बरी.

सहा_तारा

आता कळलं, धन्यवाद. माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे, म्हणून मी रीपर वापरतो. इन्स्टॉलर अगदी लहान आहे, जुन्या आवृत्त्या त्यांच्याच संकेतस्थळावर ठेवलेल्या असतात आणि वेगळ्या फोल्डरमध्ये पोर्टेबल टाकता येतात. विंडोजवर ३२-बिट प्लगइनसाठीचा तो पूल त्यात आधीपासूनच आहे. परवाना दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालतो.

मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडली तर ट्रॅकची नावं, कुठली वेव्ह किती सेकंदांवर आहे, फेडर (पातळीचा स्लायडर) कुठे आहे, सगळं वाचता येतं. उद्या रीपर नसलं तरी वाचता येईल.

ठेका

एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरची फाइलही आतून मजकूरच असते, फक्त दाबून बंद केलेली. आणि २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी मिळून डॉप्रोजेक्ट नावाचा खुला प्रकार काढला, एका सॉफ्टवेअरचं प्रोजेक्ट दुसऱ्यात न्यायला. हे नवीन आवृत्त्यांतच मिळणार. म्हणून म्हणतो, जुनीत अडकून राहू नका.

परवान्याबद्दल एक सांगतो. क्युबेस १२ पासून, म्हणजे २०२२ पासून, यूएसबीची चावी लागत नाही. त्याआधी ती छोटी चावी हरवली की सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती आहे त्यांनी इन्स्टॉलरची फाइल आणि परवान्याचा क्रमांक आपल्याजवळ जपून ठेवा. "पुन्हा उतरवून घेऊ" यावर विसंबू नका.

अनुनाद

दोन दिवस चाचणी केली, निकाल लिहितो.

दोन्ही फाइली जुळवून एक उलटी केली तर गाणं बारीक आवाजात वाजतच राहिलं. मला वाटलं, सापडलं! पण नीट ऐकल्यावर लक्षात आलं की उरतंय ते फक्त मधलं: गायन, बास, किक ड्रम. कडेच्या गिटारी पूर्ण गायब. मग पॅनचा नियम बघितला. जुन्या प्रोजेक्टमध्ये ० होता, नवीन आवृत्तीत उघडताना माझ्या आधीच्या सेटिंगमुळे ३ डेसिबल झाला होता. तो ० केला. पुन्हा काढलं. आता सगळं शांत, फक्त कोरस इफेक्ट (आवाज किंचित डोलवून जाड करणारा) लावलेल्या एका गिटारचा भास उरला. जुन्याच आवृत्तीतून तेच गाणं दोनदा काढून बघितलं, तरी ती गिटार उरते! म्हणजे तो इफेक्ट दर वेळी वेगळ्या जागेपासून हलायला लागतो, आवृत्तीचा त्यात काही संबंध नाही.

मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. दहा वर्षं मी ज्याला जुन्या आवृत्तीचा भरीवपणा समजत होतो ते ३ डेसिबल होते. ध्वनिखोली, तुमचे आभार. तरी त्या जुन्या आवृत्तीची स्क्रीन माझ्या डोळ्यांत आणि तिचे शॉर्टकट बोटांत बसलेत. चालू अल्बम तीवरच संपवतो, पुढचा नवीनवर.

ध्वनिखोली

अगदी असंच करा. काम अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलू नये, दुरुस्तीच्या लहान अपडेटही दोन गाण्यांच्या मधे घ्याव्यात.

एक अपवाद सांगून ठेवतो. गाण्याचा वेग किंवा सूर बदललेला असेल तर तिथे आवृत्तीचा फरक खरोखर ऐकू येऊ शकतो, कारण ताणण्याची पद्धत आवृत्तीगणिक सुधारत असते. तसे ट्रॅक जुन्यातच पक्के उतरवून घ्या.

कोमल_निषाद

मंद्रसप्तक, एयूपी३ फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून काम करू नका. बरेच पेन ड्राइव्ह एफएटी३२ प्रकारचे असतात, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि ऑडॅसिटी ३ त्यांच्यावर प्रोजेक्ट ठेवायला नकार देतं. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्येही नको. काम चालू असताना ऑडॅसिटी त्या फाइलीत सतत लिहीत असते आणि त्याच वेळी क्लाउड ती उचलायला बघतो. लॅपटॉपच्या डिस्कवर काम करा, बंद केल्यावर प्रत घ्या.

मंद्रसप्तक

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. वेव्ह काढायला दोन संध्याकाळी गेल्या. नवीन लॅपटॉपवर दोन्ही आवृत्त्या आहेत, जुनीचा फोल्डर वेगळा. रीपरचं तूर्तास बाजूला ठेवलंय. एका वेळी एकच नवीन गोष्ट शिकावी असं मला वाटतं, आणि वेव्ह हातात असल्यामुळे तो दरवाजा उघडाच आहे.

अनुनाद यांची चाचणी वाचून मीही धीर केला. पहिल्या गाण्याची जुनी एयूपी नवीन आवृत्तीत उघडली, स्लायडर मध्यावर आणले, खाली जुनीतून काढलेली वडिलांच्या आवाजाची वेव्ह लावली आणि ती उलटी केली. बाकीचे ट्रॅक बंद करून दोन्ही एकदम वाजवल्या. सहा मिनिटं काही ऐकू आलं नाही. मीटर हललं नाही. मी पूर्ण गाणं तशीच बसून राहिले.

मग उलटी केलेली काढून टाकली आणि पुन्हा वाजवलं. सुरुवातीला ते घसा साफ करतात आणि "हं, घे" म्हणतात. ते कापायचं नाही असं ठरवलंय.

आवाजावर रिव्हर्ब लावलाय, थोडासाच. दुसऱ्या कडव्याला माझी गिटार त्यांच्या अंगावर येत होती, ती दीड डेसिबलने खाली घेतली. उद्या दुसरं गाणं उघडते.